पश्चिम धक्क्याच्या लाईनीवरचा माणूस

मामंजी,

तुमच्या जाण्याची बातमी तमिळ पेपरात चार ओळींत आली. ह्यांनीच दिली होती. नाव, वय, बंदरातल्या रेल्वेतून निवृत्त, मागे मुलगा, सून, नात. त्या चार ओळींत चूक काही नाही, पण तुम्हीही त्यांत कुठे नाही. म्हणून मी लिहायला बसले आहे, आणि मराठीत लिहिते आहे. या घरात ती वाचणारं आता दुसरं कुणी नाही. ह्यांना बोललेलं कळतं, अक्षरं लागत नाहीत. रमाला 'जेवलीस का' एवढं कळतं आणि तिचं उत्तर तमिळमध्ये येतं. कागद उघडा टाकून मी स्वयंपाकघरात गेले तरी काही बिघडत नाही. सासरी नवी होते तेव्हा अशी मोकळीक मिळाली असती तर मला केवढं सुख वाटलं असतं.

साताऱ्याहून लग्न होऊन मी मद्रासला आले, तेव्हा स्टेशनावरून घरापर्यंत माझ्या कानांवर कळेल असा एक शब्द पडला नव्हता. घरात शिरले. तुम्ही खुर्चीतून उठून म्हणालात, "ये गे पोरी. प्रवासांत निजलीस कां?" मला हसू आवरेना. शाळेत वाचलेली जुनी बखर धोतर नेसून समोर उभी राहिल्यासारखं वाटलं. सासूबाई आधीच गेल्या होत्या. हे गिंडीच्या कारखान्यात सकाळी जात ते संध्याकाळी येत, आणि आल्यावर जे काही बोलायचं ते तमिळमध्येच. तुमची तंजावरची तीनशे वर्षांपूर्वीची मराठी आणि माझी साताऱ्याची, या दोघींनीच त्या तिरुवल्लिकेणीच्या घरात एकमेकींना सांभाळलं. तुम्ही 'लोकर' म्हणायचात, मी 'लवकर' म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "तुझी मराठी इस्त्री केलेली आहे गे. मज ती अंगाला टोचते."

निवृत्त झाल्यावर तुमचे पहिले सहा महिने फार वाईट गेले. सकाळी साडेसहाला तुम्ही तयार होऊन बसायचात आणि मग कुठे जायचं नाही हे आठवून पेपर उघडायचात. एकदा मी म्हटलं, "मामंजी, बंदराचं काहीतरी सांगा. मी लिहून घेते." ते मी तुमची करमणूक व्हावी म्हणून म्हटलं होतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी पॅरीजच्या बाजारात जाऊन दोनशे पानी वही घेऊन आलात.

दुपारची कॉफी झाली की चार वाजता नळाला पाणी येईपर्यंतचा वेळ त्या वहीचा. पहिलं वाक्य तुम्ही पाठ करून आला होतात. "लिही गे. आधीं रूळ आले, मग बंदर आलं." मी म्हटलं, असं कसं, रेल्वे तर बंदरासाठी बांधली. तुम्ही खूष झालात, मी हेच विचारावं म्हणून वाट बघत असल्यासारखे. मग सांगितलंत. हा किनारा सरळ वाळूचा. जहाजं लांब पाण्यात उभी राहायची, माणसं आणि माल लहान होड्यांतून लाटा अंगावर घेत यायचा. समुद्रात भिंती घालायच्या तर दगड हवे, आणि दगड तर तिकडे पल्लावरमच्या खाणीत. म्हणून आधी वाळूत रूळ टाकले आणि वाघिणी भरभरून दगड आणून समुद्रात ओतले. वादळानं भिंत फोडली. पुन्हा तीच गाडी, पुन्हा तेच दगड. "लोक म्हणतात रयिल बंदराची चाकर. खोटं. रयिल बंदराची आई."

पश्चिम धक्क्याच्या लाईनीबद्दल बोलायला लागलात की तुमचा आवाज बदलायचा. तुमची सगळी नोकरी तिथे गेली, यार्ड मास्तरही तुम्ही तिथेच झालात. तिथे तीन रूळ होते, मोठ्या मापाच्या आणि लहान मापाच्या वाघिणी एकाच वाटेवरून जाव्यात म्हणून. मँगनीज आलं की शर्ट काळा, गहू आला की कबुतरं, खत आलं की आठवडाभर डोळे लाल. रंगूनहून सगळं सोडून आलेली माणसं जहाजातून उतरून त्या रुळांवरच बसून राहिली होती, आणि तुम्ही इंजिन दीड तास उभं केलं होतंत; 'उठा' म्हणायचा कुणालाच धीर झाला नाही. हे सगळं माझ्या अक्षरात आहे. रुळांचे सांधे बदलणाऱ्याला मी 'सांधेवाला' लिहायची, तुम्ही 'पॉइंट्समन' लिही म्हणायचात. मी म्हणायची सांधेवाला हा चांगला मराठी शब्द आहे. तुम्ही म्हणायचात, "चांगला असेल, पण त्या नांवानं हांक मारली असती तर एकही जण वळून पाहिला नसता."

मी एकदा विचारलं होतं, हे तमिळमध्ये का नाही लिहीत, चार माणसं तरी वाचतील. तुम्ही म्हणालात, "तमिळांत सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्या आईला कळेल असं मज एकदा सांगायचं आहे." तुमची आई जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.

चार वर्षं आपण लिहीत होतो. रमा झाली, चालायला लागली, वहीवर तिनं रेघोट्या मारल्या. माझ्या या शहरातल्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली वर्षं ती, मामंजी. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मग ती वही मीच बंद पाडली.

त्या नाताळात फ्रान्सिस केक घेऊन आले. तुमचे जुने दोस्त, इंजिन ड्रायव्हर. दरवर्षी यायचे, मोठ्यानं बोलायचे, रमाला खांद्यावर बसवायचे. टेबलावरची वही बघून म्हणाले, "लाईनीचा इतिहास? मग त्यात आरुमुगम आहे ना?" फ्रान्सिस माझ्याकडे वळले. "असा पॉइंट्समन मी पाहिला नाही. या माणसानं आयुष्यात दारूला हात लावला नाही. नाताळचा माझा केकसुद्धा खायचा नाही, कुणीतरी त्यात रम असते म्हणून सांगितलं होतं त्याला. आणि चौकशीत लिहिलं काय, तर प्यायलेला होता."

तुम्ही उठलात आणि पाणी भरायला गेलात. नळाला पाणी यायला अजून दोन तास होते.

फ्रान्सिस गेल्यावर मी वही चाळली. पश्चिम धक्क्याच्या प्रकरणात माझ्याच अक्षरात एक ओळ सापडली: 'चौथ्या शेडपाशीं एक अपघात झाला. पुढे लिही.' तुम्ही 'पुढे लिही' म्हणालात आणि मी तेही लिहून टाकलं होतं. हाताबरोबर डोकं चाललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉफी ठेवून मी विचारलं, "आरुमुगम कोण?"

तुम्ही टाळलं नाहीत. हे तुमचं मोठेपण मी तेव्हा ओळखलं नाही. तुम्ही सरळ सांगायला लागलात, यार्डातला अहवाल द्यावा तसे. एका वाघिणीचा हातब्रेक धरत नव्हता. आरुमुगमनं ते दोन दिवस आधी तुम्हाला सांगितलं. ती वाघीण बाजूला काढायची तर सगळी रांग हलवावी लागणार होती आणि धक्क्याला जहाज लागलेलं होतं. तुम्ही म्हणालात, जहाज जाऊं दे, मग पाहूं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो साखळी अडकवायला दोन वाघिणींच्या मध्ये शिरला आणि ती वाघीण घसरत आली. पोंगलचा दुसरा दिवस होता. सणाचा दिवस, म्हणजे प्यायला असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि ते चौकशीपर्यंत गेलं.

"चौकशींत मज एकच प्रश्न विचारला," तुम्ही म्हणालात. "ब्रेकची तक्रार यानं तुमच्याकडे केली होती कां?"

"मग?"

"मी म्हणालों, आठवत नाहीं."

मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "भ्यालों." मग पुन्हा म्हणालात, "दुसरं कारण नाहीं गे. शोधून पाहिलं. भ्यालों."

आणि मी काय केलं? मी तुमचा हात धरायला हवा होता. मी वही पुढे ओढली आणि म्हटलं, "हे लिहायचं."

"नाहीं."

"मामंजी, हे नसेल तर बाकीचं सगळं खोटं."

"तो इतिहास लाईनीचा आहे. माझा नाहीं."

"लाईनीवर मेलेला माणूस लाईनीचा नाही?"

"तूं होतीस तिथें?" तुमचा आवाज चढला. माझ्यावर तो कधीच चढला नव्हता. "सव्वीस वर्षांची पोर तूं. तुज काय ठाव, माणूस तोंड उघडतो आणि त्यांतून काय निघून जातं!"

तीन आठवडे वही कपाटात राहिली. आपण मराठीतच बोलत होतो, पण कामापुरतं. मीठ, औषध, रमाचं दूध. मला माझं बरोबर आहे याची इतकी खात्री होती की तुम्ही जेवण कमी केलंत याचाही मी माझ्या बाजूनं अर्थ लावला.

मग एका सकाळी तुम्ही पांढरं वेष्टी नेसून, छत्री घेऊन दारात उभे राहिलात. म्हणालात, "चल पोरी. फ्रान्सिसकडून पत्ता आणला आहे."

रमाला शेजारी ठेवून मी निघाले. बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसलात. बीच रोडला बंदराची भिंत सुरू झाली, पण तुम्ही तिकडे पाहिलं नाहीत, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिलात. कासिमेडूला उतरलो. सुक्या मासळीचा वास, जाळी पसरलेली, आणि एका गल्लीच्या तोंडाशी चुलीपुढे आप्पम घालत बसलेली बाई. ती कन्नियम्मा. आरुमुगमची बायको. तिनं मान वर केली आणि लगेच ओळखलं. "यार्ड अय्या," म्हणाली.

तुम्ही चप्पल काढलीत. रस्त्यावर, उन्हात. उभ्या उभ्या तिला ब्रेकच्या तक्रारीपासून चौकशीतल्या उत्तरापर्यंत सांगितलंत, मला सांगितलं होतं तसंच, तमिळमध्ये. ती ऐकत होती आणि हात चालू होता. पीठ ओतायची, झाकण ठेवायची, काढायची. गिऱ्हाईक आलं तर त्याला पानावर वाढायची आणि पुन्हा तुमच्याकडे बघायची. तुमचं संपल्यावर म्हणाली, "तो पीत नव्हता हे मला काय सांगता, अय्या? चौदा वर्षं मी त्याच्या शेजारी निजले. मला ठाऊक आहे." मग उलथन्यानं गल्लीकडे दाखवलं. "यांना सांगा. माझ्या पोरांना 'दारुड्याची पोरं' यांनी म्हटलं. इथे उभे राहा आणि यांना सांगा."

मला वाटलं तुम्ही आता परत फिराल. मी 'चला' म्हणायला तोंडही उघडलं. पण तुम्ही गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिलात आणि बोलायला लागलात. "माझं नाव वेंकोबाराव. मी बंदरात यार्ड मास्तर होतो. आरुमुगम माझ्या हाताखाली होता. तो प्यायलेला नव्हता. वाघिणीचा ब्रेक नादुरुस्त होता. त्यानं मला सांगितलं होतं. मी चौकशीत खोटं बोललो."

तिघंचौघं थांबले. जाळं विणणाऱ्या एकानं विचारलं, "कुठला आरुमुगम?" सायकलवरच्या एका पोरानं हसून विचारलं, "आजोबा, कुठल्या पार्टीचे?" दहा-बारा वर्षांत गल्लीतली अर्धी माणसं बदलली होती. ज्यांनी नावं ठेवली त्यांतले काही वर गेले होते, काही दुसरीकडे राहायला गेले होते. समोरच्या घराच्या उंबऱ्यात एक म्हातारी मात्र तांदूळ निवडत बसली होती. कन्नियम्मा मोठ्यानं म्हणाली, "अय्या, पुन्हा एकदा. जरा जोरात. हिला कमी ऐकू येतं."

तुम्ही त्या म्हातारीसमोर जाऊन पुन्हा सगळं सांगितलंत. शब्द न गाळता. 'मी खोटं बोललो' हे वाक्य दोनदा म्हणालात. म्हातारीनं ऐकलं, सूप उचललं आणि आत जाऊन दार लावलं.

"झालं," कन्नियम्मा म्हणाली. "आता जा. ऊन वाढतंय."

तिनं क्षमा केली नाही, शिव्या दिल्या नाहीत, बसा म्हटलं नाही. तुम्ही चप्पल घातलीत. परतीच्या बसमध्ये जागा नव्हती. दांडी धरून उभ्यानं, माझ्याकडे न बघता तुम्ही विचारलंत, "तुझं समाधान झालं?"

मी उत्तर दिलं नाही. मामंजी, पुढची सहा वर्षं तुम्ही माझ्याशी मराठीत बोलणार नाही हे मला कळलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. 'माफ करा' तरी म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलंत, "कापी आच्चा, अम्मा?" कॉफी झाली का. तमिळमध्ये, आणि 'पोरी' नाही, 'अम्मा'. मला वाटलं सहज तोंडात आलं असेल. दुपारी मी वही काढली. तुम्ही पेपर वाचत राहिलात. तिसऱ्या दिवशीही तमिळ, आठवड्यानंतरही तमिळ. मी मराठीत विचारायची, तुम्ही तमिळमध्ये उत्तर द्यायचात. गोड, शांत, आदरानं. शेजारणींशी बोलावं तसं. ह्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. उलट म्हणाले, बरं झालं, तुझं तमिळ सुधारेल.

ते सुधारलं. हळूहळू मीही मराठीत विचारायचं सोडलं. दुपारी घरात दोन माणसं आणि एक पंखा. कधी कधी रमाला निजवताना मी साताऱ्याची एखादी ओवी म्हणायला लागायची आणि बाहेर तुमच्या पेपराची सळसळ थांबायची. ओवी संपली की सुरू व्हायची. तेवढंच.

तुम्ही रागावला होतात का? की त्या गल्लीत उभं राहून बोलताना तुमच्यातलं काही संपूनच गेलं? की मी ज्या भाषेत तुम्हाला बोलतं केलं, त्याच भाषेत तुम्हाला उघडं पाडलं, म्हणून ती भाषाच माझ्यापुरती बंद केलीत? सहा वर्षं मी हे विचारायचं टाळलं. रोज पुढ्यात ताट ठेवत होते आणि विचारत नव्हते. मग भ्यालं कोण, मामंजी?

पुढे कंटेनर आले. मोठाल्या लोखंडी पेट्या, त्या क्रेननं उचलून थेट ट्रेलरवर. जुन्या शेडी पाडायला घेतल्या. फ्रान्सिसनी येऊन सांगितलं की पश्चिम धक्क्याची आपली लाईन काढताहेत, बघायची असेल तर ओळखीनं आत जायची सोय करतो. तुम्ही 'नको' म्हणालात आणि पंखा मोठा केलात. मी मात्र फ्रान्सिसबरोबर गेले. तुम्हाला न विचारता, वही पिशवीत घालून.

गॅसच्या ज्योतीनं रूळ कापत होते. आधी मधला, लहान मापाचा. मग बाकीचे दोन. वाळूतून लाकडी स्लीपर उपटले की खालून बोटभर खेकडे निघायचे आणि उजेडानं बावरून सैरावैरा पळायचे. मी फ्रान्सिसना विचारलं, चौथी शेड कुठे? त्यांनी काठीनं मोकळी जागा दाखवली. तिथे ऊन पडलं होतं, दुसरं काही नव्हतं. आम्ही दोघं थोडा वेळ तिथे उभे राहिलो. फ्रान्सिसनी टोपी काढली.

घरी येऊन मी शेवटचं प्रकरण स्वतःच लिहिलं, माझ्या इस्त्रीच्या मराठीत. त्यात आरुमुगमही लिहिला; ब्रेक, तक्रार, चौकशी, तुमचं उत्तर, कन्नियम्माची गल्ली. दुपारी तुमच्यासमोर बसून मोठ्यानं वाचलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. आरुमुगमच्या जागी आले तेव्हा पापणी हलली नाही. शेवटचं वाक्य मी वाचलं: 'आणि मग रूळ उखडले.'

"उखडले नको गे," तुम्ही म्हणालात. "उखडतात तें तण. काढले, असं लिही."

मराठीत. सहा वर्षांनी. मी खोडलं, 'काढले' लिहिलं, आणि वाट बघत बसले. तुम्ही डोळे उघडून घड्याळाकडे पाहिलंत आणि तमिळमध्ये कॉफी मागितलीत.

त्या एका वाक्यावर मी पुढचा किती काळ काढला तुम्हाला माहीत नाही. म्हणजे ते प्रकरण तुम्ही ऐकलंत. एक शब्द बदलायला सांगितलात आणि बाकीचे राहू दिलेत. ही संमती होती, की बाकीच्यांना हात लावायची तुमची इच्छाच नव्हती? मी कधी एक धरते, कधी दुसरं.

शेवटच्या दोन आठवड्यांत ताप चढला की तुम्ही मराठीत बोलायचात, पण माझ्याशी नाही. "आई, लोकर ये गे. गाडी जाईल." एकदा तीनदा हाक मारलीत आणि तुमचा जीव इतका घाबरा झाला की माझ्या तोंडून निघून गेलं, "आले रे बाळा. तू नीज." सासऱ्याला 'अरे तुरे' केलं मी. तुम्ही माझं बोट घट्ट धरलंत आणि निजलात. हे दारात उभे होते.

बाराव्यानंतर मी कासिमेडूला गेले. कन्नियम्माला सांगायला हवं असं वाटलं. का, ते सांगता येणार नाही. ती तिथेच होती, केस पांढरे झालेले, चुलीवर आता सून होती. मी म्हटलं, "यार्ड अय्या गेले." तिनं पदरानं हात पुसले. "खूप त्रास झाला?" मी म्हटलं, फार नाही.

मग म्हणाली, "माझ्या माणसालाही त्रास झाला नाही म्हणून तेव्हा सगळे सांगून गेले. क्षणात गेला म्हणाले. अय्यांनाही त्या दिवशी मी विचारलं नाही. माझ्यानं विचारवलं नाही. तुझ्याशी ते बोलले असतील. त्या दिवशी त्यांच्याबरोबर तूच आली होतीस. तू सांग. क्षणात गेला?"

मामंजी, 'भ्यालों' म्हणालात त्या दुपारी तुम्ही मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती मी वहीत लिहिली नाही आणि वरही लिहिली नाही. इंजिन येऊन वाघीण मागे ओढेपर्यंत आरुमुगम शुद्धीवर होता. पाऊण तास. तुम्ही रुळांत बसून त्याचं डोकं धरलं होतंत. त्यानं पाणी मागितलं, पोरांची नावं घेतली, आणि विचारलं, "अय्या, ब्रेकचं मी सांगितलं होतं ना?" तुम्ही म्हणालात, "हो, सांगितलं होतंस." मग इंजिन आलं.

कन्नियम्मा माझ्या तोंडाकडे बघत होती. खरं मागायला मीच तुम्हाला तिच्या दारात उन्हात उभं केलं होतं.

"हो," मी म्हटलं. "क्षणात गेले. अय्यांनी तसंच सांगितलं होतं."

ती बघत राहिली. तिला पटलं की नाही मला कळलं नाही. मग तिनं सुनेला खूण केली, सुनेनं पानावर एक आप्पम ठेवला, आणि कन्नियम्मा म्हणाली, "खा. लांबून आलीस." मी तिथेच बसून खाल्ला. सगळा संपवला.

घरी आल्यापासून वही समोर आहे. तो पाऊण तास तिच्यात लिहायचा की नाही, हे मला ठरवता येत नाही. लिहायला हवं, हे मीच म्हणते. नको, त्या बाईला जगू दे, हेही मीच म्हणते. तुमची बाजू आता मला नीट मांडता येते, अगदी तुमच्या शब्दांत, तुमच्या सुरात. काल दुपारी ती मी मोठ्यानं मांडली. पलीकडच्या खोलीतून रमानं तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, कोणाशी बोलतेस?"

मी म्हटलं, कुणाशी नाही.